हृद्रोग्याची शुश्रूषा

‘शुश्रूषा’ हा शब्द मराठीत रोग्याच्या सेवेसाठी रूढ आहे. परंतु ‘श्रु’ या धातूपासून झालेल्या या शब्दाचा मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’ असा आहे. सेवेचा आरंभ ऐकण्यापासून होतो, हे मर्म या एका शब्दात साठविलेले आहे.

हृदयास रक्त पुरविणारी रोहिणी अवरुद्ध झाली म्हणजे त्याच्या स्नायूचा काही भाग प्राणवायूस मुकतो. वेदनेबरोबरच मृत्यूचे भय रोग्यास ग्रासते. भयाने नाडी जलद होते, रक्तदाब वाढतो व थकलेल्या हृदयावर अधिक भार पडतो. १९६० नंतरच्या दशकात हृद्रोग्यांसाठी स्वतंत्र अतिदक्षता विभाग निघू लागले. तेथील यंत्रे हृदयाचा प्रत्येक ठोका टिपतात. परंतु मध्यरात्री रोगी हलक्या स्वरात विचारतो, “सिस्टर, मी वाचेन ना?” तो प्रश्न यंत्रास ऐकू येत नाही, तो परिचारिकेनेच ऐकावा लागतो.

श्रीगीतेच्या प्रथम अध्यायात अर्जुनाची अवस्था अशीच झाली आहे. तोंड कोरडे पडले आहे, अंग कापत आहे, मन भ्रमत आहे. तो आपला शोक सांगत असता भगवंत मध्ये एक शब्दही बोलत नाहीत. पुढे ते त्यास धीर धरावयास सांगतात. पण तत्त्वोपदेशाचा आरंभ होतो तो अर्जुन शिष्यभावाने शरण आल्यावर, दुसऱ्या अध्यायाच्या अकराव्या श्लोकापासून. इतकेच नव्हे, ज्यास ऐकण्याची इच्छा नाही त्यास हे ज्ञान सांगू नये, असे अठराव्या अध्यायात भगवंतांनीच बजावले आहे.

म्हणून रोगी जेव्हा विचारतो, “हे माझ्या कोणत्या पापाचे फळ?” तेव्हा त्यास प्रारब्धाचा सिद्धान्त ऐकविणे ही शुश्रूषा नव्हे. कर्मसिद्धान्त मनुष्याने स्वतःचे आचरण तपासण्यासाठी आहे, दुसऱ्याच्या दुःखाचे माप घेण्यासाठी नाही. तेथे हात हाती घेऊन दोन क्षण बसणे हेच उत्तर होय. पोकळ आश्वासनही देऊ नये. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी शुश्रूषेवरील आपल्या प्रसिद्ध ग्रंथात अशा उथळ दिलाशांवर एक स्वतंत्र प्रकरणच लिहिले आहे. रोग्याने नामस्मरणाची इच्छा दर्शविली तर त्यास शांतता लाभू द्यावी. कोणास नमाज वा ख्रिस्ती प्रार्थना हवी असेल, तर तीही तितक्याच आदराने होऊ द्यावी. रुग्णाच्या धर्मश्रद्धेचा मान राखावा, हा नियम आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने १९५३ च्या आचारसंहितेतही घातला. ईश्वर सर्व भूतांच्या हृदयात वसतो असे मानणाऱ्यास यात नवल कसले?

एका परिचारिकेवर अनेक रोग्यांचा भार असतो, हे खरे. तरीही औषध देताना, नाडी पाहताना जे क्षण मिळतात, ते पूर्ण लक्षाने दिले तर तेवढेही पुरे होतात.

आणि एवढे करूनही एखादे हृदय पहाटे थांबते. तेव्हा परिचारिकेचे अश्रू येणे हा दोष नव्हे. पण आपली सेवा व्यर्थ गेली असे तिने मानू नये. कर्मावर तिचा अधिकार होता, फलावर नव्हता. त्या जीवाने शेवटच्या रात्री आपले भय कोणापाशी तरी बोलून दाखविले आणि कोणीतरी ते ऐकले, हीच तिची भगवंतास अर्पण झालेली पूजा. मग डोळे पुसून तिने शेजारच्या शय्येकडे वळावे. तेथेही कोणीतरी जागे असते.