पुट्टीखालचा गंज



आजचं वाचन ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायातलं आहे. भगवंत इथे ज्ञानाची लक्षणं सांगतात. त्या यादीत पाठांतर नाही, हुशारी नाही. आहे काय, तर नम्रता, क्षमा, सरळपणा, स्वच्छता. त्यातल्या दोन शब्दांपाशी मी या आठवड्यात अडकलो.

पहिला शब्द अदंभित्व. माउलींनी इथे लोभी माणसाचा दाखला दिलाय. जीव गेला तरी तो पुरलेलं धन कुठं आहे ते सांगत नाही. दंभ नसलेला माणूस आपलं पुण्य असंच लपवतो. दुसरा शब्द शौच. त्याला दाखला कापराचा, आत-बाहेर सारखाच शुद्ध.

आता आपलं बघा. वारीत दोन किलोमीटर चाललो की स्टेटसला फोटो. आणि चूक झाली की ती अशी पुरून टाकतो, की जीव गेला तरी ठिकाण सांगणार नाही. लपवायचं काय आणि दाखवायचं काय, याचा हिशोबच आपण उलटा मांडलाय. मी तर नक्कीच.

मागच्या आठवड्यात सुट्टी काढून कागलला घरी गेलो होतो. आप्पांना अकरा वर्षं वापरलेली बोलेरो पिकअप विकायची होती. दूध, भाजी, खताची पोती, सगळं तिनं वाहिलं. हौद्याच्या डाव्या बाजूला मोठा पोचा होता, त्याभोवती रंग फुगलेला. आप्पा म्हणाले, "मिस्त्रीकडं न्हेऊया." मी घाईघाईनं म्हणालो, "कशाला? मीच करतो घरी. व्हिडिओ बघितलेत."

घाईचं कारण सांगतो. तो पोचा माझाच होता. दोन दिवाळ्यांपूर्वी रात्री गाडी रिव्हर्स घेताना गोठ्याच्या दगडी खांबाला ठोकली. कुणी पाहिलं नाही, मी सांगितलं नाही. सकाळी आप्पांनी गाडी चालवणाऱ्या मामांना बोल लावला. मामा "मी न्हाई" म्हणाले, पण गाडी त्यांच्याच हातात असायची. पगारातून तीन हजार कापले गेले. दोन महिन्यांत मामांनी काम सोडलं. मी पुण्यात होतो. रोज रात्री देवघरापुढे "विठ्ठला, क्षमा कर" म्हणायचो आणि झोपायचो.

पहिल्या दिवशी मी सोपं काम केलं. वरवर पॉलिश पेपर मारला आणि पुट्टी लावली. मे महिन्याचं ऊन, त्यात हार्डनर जास्त पडला, पहिला गोळा पत्र्यावर जायच्या आधीच पाटीवर दगड झाला. दुसरा लावला, घासला, सपाट दिसायला लागलं. मी खूश!

संध्याकाळी आप्पा आले. बोटानं टिचकी मारली. चांगल्या पत्र्याचा आवाज टणटणीत येतो, इथं थप्प आला. मग त्यांनी घरातून लोहचुंबक आणलं. ते पुट्टीवर धरेना, घसरून खाली पडलं.

"आतला गंज काढलास?"

"दिसत नाहीये आता, आप्पा."

"पावसाळ्यात दिसंल की."

त्यांचं खरं होतं. पुट्टी ओल धरते. खाली गंज राहिला असेल तर तो वाढतच जातो, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून वरचा रंग फोड आल्यासारखा उचलला जातो. पोचा पडला तेव्हा रंगाला बारीक चीर गेली होती. त्यात पाणी गेलं, पोटॅशच्या पोत्यांचं खारं पाणी गेलं. धडक एका क्षणाची होती. नुकसान मात्र नंतरच्या दीड वर्षात, गुपचूप, रंगाखाली झालं.

दुसऱ्या दिवशी सगळं खरवडलं. तारेचा ब्रश, मग ८० नंबरचा पेपर, पांढरा चकचकीत पत्रा दिसेपर्यंत. पत्र्याला भोक पडलं नव्हतं, ही कृपाच. आतून लोखंडी ठोकळा धरून बाहेरून हळूहळू ठोकत पोचा उचलला. थिनरनं पुसलं, पातळ पुट्टी, पुन्हा घासणं, प्रायमर, रंग. तीन दिवस गेले. खरवडताना गाडी आधीपेक्षा वाईट दिसत होती, तेच मला सहन होत नव्हतं.

रंग मारताना मी म्हणालो, "आता गिऱ्हाइकाला कळणारसुद्धा नाही."

आप्पा म्हणाले, "कळू दे की. पुट्टी कुठं हाय ते आपुनच सांगायचं. रंग पत्रा राखायला मारायचा, लपवायला न्हाई."

मी गप्प झालो. अनोळखी गिऱ्हाइकाशी इतकं सरळ वागणाऱ्या माणसाला मी दोन वर्षं फसवत होतो.

त्या रात्री मनानं बरेच वकील उभे केले. पोचा मी काढला, खर्च मी केला, मग सांगायची गरज काय? आणि सांगून काय होणार? आप्पांना त्रास, आणि माझं मन हलकं. म्हणजे कबुली हाही स्वार्थच की! मंडळी, हा प्रश्न खोटा नाही. काही कबुल्या खरंच आपलं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर टाकायला असतात.

पण मला एक कसोटी सापडली. माझ्या चुकीचं ओझं आत्ता कोण वाहतंय? फक्त मी वाहत असेन, तर देवापुढे बोललो तरी चालेल. इथं ते मामा वाहत होते. माझी चूक त्यांच्या खात्यावर लिहिली होती. विठ्ठलानं मला क्षमा केली तरी मामांच्या नावावरचं ते खोडलं जात नव्हतं. माझी रोजची प्रार्थना गंजावर लावलेली पुट्टीच होती.

सकाळी आप्पांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढंच म्हणाले, "मला न्हवं, त्यांना सांग."

मामा आता पंचतारांकित एमआयडीसीत कामगारांची बस चालवतात. घरी गेलो, सांगितलं, तीन हजार पुढे ठेवले. त्यांनी पैशाकडे पाहिलंच नाही. म्हणाले, "बाळा, पैशाचं न्हवतं रे. मी न्हाई म्हटलं आणि आप्पांनी ऐकलं न्हाई, ते लागलं."

चहा दिला, पण "जाऊ दे" म्हणाले नाहीत. ते मी त्यांच्याकडून मागायलाही नको होतं. दुसऱ्या दिवशी आप्पा स्वतः त्यांच्याकडे गेले. काय बोलणं झालं, मी विचारलं नाही.

गाडीवर तिरपं ऊन पडलं की दुरुस्तीची जागा अजून ओळखू येते. माझ्या हातात मिस्त्रीची सफाई नाही. पण टिचकी मारली की आवाज टणटणीत येतो. कापूर व्हायला मला किती जन्म लागतील माहीत नाही, निदान पत्रा तरी उघडा पडला.

आजचा अभ्यास छोटाच. रात्री हरिपाठ झाला की दोन मिनिटं बसा आणि स्वतःला विचारा, माझी एखादी चूक दुसऱ्या कुणाच्या नावावर तर नाही ना? असेल, तर उद्या देवळात जायच्या आधी त्या माणसाच्या घरी जा.

पांडुरंगा, खरवडून घ्यायचं बळ दे.

राम कृष्ण हरी!