आधीचा स्वर

वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लेमाँट कोर्ट या जुन्या वाड्यात १९८५ साली रॉबर्ट फ्रिप यांनी 'गिटार क्राफ्ट' ही निवासी शिबिरं सुरू केली. 'किंग क्रिमसन' या रॉक बँडमुळे त्यांचं नाव जगभर झालं होतं. त्यामुळे शिकायला नवखे यायचे, तसे मुरलेले वादकही. अशा एखाद्या शिबिरात घडावी अशी ही गोष्ट.

एका तरुणाचा हात फार तयार होता. पहिल्याच दिवशी सगळ्यांना तारा वेगळ्या लावायला सांगितल्या: खालून सी, जी, डी, ए, ई आणि वर पुन्हा जी. खालच्या पाच तारा एकमेकींपासून पंचमाच्या अंतरावर. बोटांत वर्षानुवर्षं बसलेल्या जागा निरुपयोगी झाल्या. तरुण डगमगला नाही. रात्र जागून त्याने नव्या जागा बसवल्या.

मग 'सर्क्युलेशन' सुरू झालं. सगळे गोल बसले. प्रत्येकाने एकच स्वर वाजवायचा, पुढचा स्वर डावीकडच्याचा. अशी धून गोलात फिरवायची. पण दर फेरीत ती तरुणापाशी येऊन तुटे.

"मी ठोक्यावर बरोबर येतोय," तो म्हणाला. "माझ्या उजवीकडच्या या बाईच उशिरा येतात. ही अख्खी धून मी एकटा वाजवू शकतो."

"वाजव," शिक्षक म्हणाले.

त्याने ती निर्दोष वाजवली.

"छान. आता सांग, तुझ्या आधीचा स्वर कसा होता?"

"ए."

"नाव नाही विचारलं. नाजूक होता की जोरकस? तू तार छेडलीस तेव्हा तो किती उरला होता?"

तरुण गप्प झाला. तो मनात मात्रा मोजत होता. स्वर त्याने ऐकलाच नव्हता.

शिक्षक म्हणाले, "गिटारचा स्वर उमटल्या क्षणापासून विरू लागतो. व्हायोलिनसारखा गजाने तो धरून ठेवता येत नाही. म्हणून तो विरण्याआधी त्याला जुळेल असा पुढचा स्वर यावा लागतो. काही फेऱ्या वाजवू नकोस, नुसतं ऐक."

तरुण ऐकू लागला आणि त्याला उलगडा झाला. बाईंच्या पलीकडे एक अगदी नवखा मुलगा होता. नव्या जागेवर बोट टेकवायला त्याला वेळ लागे, स्वरही क्षीण येई. बाई त्याच्यासाठी थांबत आणि तेवढ्याच हळुवारपणे आपला स्वर जोडत. त्यांना उशीर होत नव्हता; त्या मुलाला सांभाळून घेत होत्या.

पुढच्या फेरीत तरुणाने मोजणं सोडलं. बाईंचा स्वर कानात घेऊन त्याने आपला स्वर त्याच बेताने दिला. त्याच्या जोरकस स्वराने दचकणारी डावीकडची मुलगी आता सहज पुढे गेली. लय किंचित संथ झाली, पण धून अखंड फिरली.

याच शिबिरांत भेटलेल्या तिघांनी, एक अमेरिकन, एक बेल्जियन आणि एक जपानी, १९९१ मध्ये 'कॅलिफोर्निया गिटार ट्रिओ' उभं केलं. एकट्या ऑर्गनवादकासाठी असलेली बाखची डी मायनर टोकाटा आणि फ्यूग त्यांनी तीन गिटारींत वाटून वाजवली.

तात्पर्य: समूहात आपण एकट्याने बरोबर असणं पुरत नाही. आधीच्याकडून आलेलं नीट ऐकावं आणि पुढच्याला पेलेल असं द्यावं. खरी तयारी ती हीच.