डोळे उघडे, पण सावध कोण?

रात्रीची खेप वेळेवर पोहोचावी म्हणून ट्रकचालक झोप उडविणारी गोळी घेतो, तेव्हा पाचवे शील मोडते काय? आपल्या शिरूर-दौंड भागात हा प्रश्न पुस्तकी नाही. एकीकडे रांजणगाव-शिरूरवरून अहिल्यानगरकडे जाणारा रस्ता, दुसरीकडे पाटस-कुरकुंभवरून सोलापूरकडे जाणारा. हंगामात त्यांवर उसाच्या गाड्यांची भर. धम्म स्वीकारलेल्या घरांतील कितीतरी तरुण याच रस्त्यांवर पोट भरतात.

विहारात हा विषय निघाला की एक उत्तर हमखास येते : "गुरुजी, आम्ही प्रतिज्ञा घेतली ती दारूची. थेंबाला शिवत नाही. गोळी घेतो ती चैनीसाठी नव्हे, डोळा लागू नये म्हणून. झोपलो तर गाडीचा हप्ता कोण भरणार?" हे उत्तर थट्टेवारी नेण्यासारखे नाही. बोलणारा प्रामाणिक असतो. दारू सोडून त्याने घर सावरलेले असते. परंतु पाचव्या शिलाचा भर पेयाच्या नावावर नसून ‘पमादट्ठान’ या शब्दावर आहे. प्रमाद म्हणजे बेसावधपणा. तो ज्यातून उपजतो त्यापासून दूर राहण्याचे शिक्षापद आपण घेतो. तथागतांचा अखेरचा उपदेशही अप्रमादाचाच होता.

आणि डोळे उघडे असणे म्हणजे सावध असणे नव्हे. उत्तेजक द्रव्य थकवा झाकते, फेडीत नाही. त्याचा अंमल उतरला की साचलेली झोप एकदम अंगावर येते. ताशी ६० किलोमीटर वेगाचा ट्रक तीन सेकंदांत ५० मीटर जातो. तेवढ्यात समोरच्या सायकलवाल्याचे काय व्हायचे ते होऊन जाते. तेथे पाचव्याबरोबर पहिले शीलही पणाला लागते. ऊसतोड करणाऱ्यांची, हमालांची गोष्ट थोडी निराळी. त्यांना झोपेपेक्षा अंगदुखी छळते. पण दुकानातून आलेली गोळी म्हणजे औषधच, ही समजूत खरी नाही. दुखण्यावरची ट्रामाडॉल ही गोळी २०१८ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणावी लागली, कारण तिची सवय जडते.

म्हणून माझे उत्तर, शील मोडते, असेच आहे. पण ते कोणाकोणाचे?

मोटार वाहतूक कामगारांच्या १९६१ च्या कायद्याने दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती ठरवून दिली होती. मात्र तो लागू होता पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्याला. एक-दोन गाड्यांचा मालक त्यातून सुटला, आणि आपली मुले बहुधा अशाच मालकांकडे असतात. सेव्हलाइफ फाउंडेशनने २०२० मध्ये दहा शहरांतील ट्रकचालकांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत दिवसाचे सरासरी काम बारा तासांच्या घरात निघाले. खेपेवर पैसे मिळत असतील तर झोप म्हणजे बुडालेली मजुरी.

जो मालक स्वतः चहाशिवाय काही घेत नाही, पण गोळीवाचून गाठताच येणार नाही अशी वेळ ठरवून देतो, त्याचे शील शाबूत कसे? तथागतांनी उपासकाला वर्ज्य सांगितलेल्या पाच व्यापारांत मादक पदार्थांचा व्यापार आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी आपल्याच तालुक्यात, कुरकुंभच्या एका रासायनिक कारखान्यातून शेकडो किलो मेफेड्रोन जप्त केले, तेव्हा तो व्यापार किती जवळ आला आहे ते दिसले. झोपेचा व्यापार करणाऱ्यालाही मी त्याच रांगेत नसले तरी शेजारी बसवीन. आपल्या समाजातही आता गाड्यांचे मालक झाले आहेत. त्याचा अभिमान वाटतो; पण त्यांनी चालकाला भाड्याआधी झोपेचे तास विचारले पाहिजेत.

सवय जडलेल्याला ‘बौद्ध असून असा’ म्हणून हिणविणे मात्र मला मुळीच पटत नाही. शील ही देवाची आज्ञा नव्हे. ते शिक्षापद आहे, आणि शिकणारा चुकला तर पुन्हा पहिल्या धड्यापासून बसतो. घरची मंडळी पोलिसांच्या भीतीने लपवितात. वास्तविक १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातच, अल्प प्रमाणाच्या प्रकरणात स्वखुशीने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यातून सूट देण्याची तरतूद आहे. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करते. दौंडहून रेल्वेने जाऊन, चौकशी करून, त्याच दिवशी परत येता येते.