छायेविना सादृश्य

मृत बालकाला चित्रात डोळे उघडे ठेवून, हाती खेळणे देऊन बसवणे हा सत्याचा अपलाप मानावा काय? एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेच्या न्यू इंग्लंड प्रदेशात हा प्रश्न केवळ तात्त्विक नव्हता. बालमृत्यू तेथे नित्याचे होते, आणि चित्रकलेचे विधिवत शिक्षण न लाभलेले चित्रकार गावोगाव हिंडून मुलांची व्यक्तिचित्रे काढीत. मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्डचा जोसेफ व्हायटिंग स्टॉक (१८१५–१८५५) हा अशाच फिरत्या चित्रकारांपैकी एक. बालपणी अंगावर बैलगाडी कोसळल्याने त्याचे पाय कायमचे अधू झाले होते. आपल्या कामाची त्याने जी रोजनिशी ठेवली, तीत मृत्यूनंतर रंगवलेल्या मुलांच्या चित्रांच्याही नोंदी आहेत.

या परंपरेतील चित्रे बहुधा सपाट असतात. देहाला घनता नसते, चेहऱ्यावर छायाप्रकाशाचा खेळ नसतो. हे सर्वस्वी अज्ञानातून आले, असे समजणे मात्र चुकीचे ठरेल. विल्यम मॅथ्यू प्रायर या चित्रकाराने १८३१ साली मेन राज्यातील एका वृत्तपत्रात जाहीर केले होते, की छायेविना सपाट सादृश्य हवे असल्यास ते पाव किमतीत मिळेल. छाया ही ऐपतीची बाब होती.

तरीही या स्वस्त सपाटपणाला एक नैतिक मूल्य लाभले आहे. हुबेहूब चित्र पाहणाऱ्याला क्षणभर फसवते. मूल आता श्वास घेईल असा भास उत्पन्न करते. सपाट प्रतिमा तसा दावा करीत नाही. मूल परत आल्याचे ती सांगत नाही. घरातील त्याची जागा तेवढी राखते. चित्रकाराच्या मनात हा हेतू नसेलही. परंतु कृतीचा अर्थ कर्त्याच्या हेतूपाशी संपत नाही.

मात्र ही जागा राखली जाण्यास त्या मुलाला ओळखणारे कोणी असावे लागते. ॲमी फिलिप्स (१७८८–१८६५) या चित्रकाराने १८३० ते १८३५ च्या दरम्यान रंगवलेली, मांजर कवेत घेतलेली लाल पोशाखातील मुलगी आज न्यूयॉर्कच्या अमेरिकन फोक आर्ट म्युझियमच्या संग्रहात आहे. तिचे नाव अज्ञात आहे. तशाच लाल पोशाखात फिलिप्सने इतर मुलेही रंगवली. रसिक त्या लाल आकाराची वाखाणणी करतात, आणि ती यथार्थच आहे. पण ज्या घरासाठी असे चित्र काढले जाई, त्या घराला आपले मूल हवे असे. सौंदर्य नावाची भरपाई करीत नाही. नाव हरवले आहे, ही जाणीव जागी ठेवणे एवढेच रसिकाच्या हाती उरते.