विहाराच्या जिन्याखालची बाळंतीण



गेल्या वर्षावासात उरणजवळच्या एका वस्तीत प्रवचनाला जाण्याचा योग आला. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने मोरा बंदर गाठले तेव्हा पावसाची झड लागली होती. विहाराशी पोहोचतो तो तेथे वाद चाललेला. जिन्याखाली एक गावठी कुत्री व्याली होती. सहा पिले मिटल्या डोळ्यांनी तिला लुचत होती. काही तरुण गोणपाट घेऊन आले होते. पिले त्यात भरून मिठागरांकडे सोडून यावीत, असा त्यांचा बेत. पावसाळ्यात मिठागरे पाण्याखाली असतात, हे उरणच्या माणसाला सांगावे लागत नाही.

मी बोलण्याआधीच एक वृद्ध उपासक म्हणाले, "गुरुजी, चवदार तळ्यावर कुत्र्यामांजरांना पाणी होतं, आम्हाला नव्हतं. आता त्याच कुत्र्याचं बाळंतपण आम्ही करायचं?"

लोक हसले. मला हसू आले नाही. हा प्रश्न पुष्कळ नवदीक्षित घरांत आहे, फक्त कोणी तो उघड विचारीत नाही. २० मार्च १९२७ रोजी आपल्याच जिल्ह्यातील, तेव्हाच्या कुलाब्यातील महाडला परमपूज्य बाबासाहेब तळ्याचे पाणी प्याले. कुत्रे पाणी पिते याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. माणसाला कुत्र्याच्याही खाली लोटले होते, त्याविरुद्ध तो संगर होता. लोटणारा कुत्रा नव्हता! कुत्र्यामांजरांपेक्षा हीन वागणूक मिळते, असे १९३१ साली गांधीजींना तोंडावर सुनावणाऱ्या बाबासाहेबांचे फेब्रुवारी १९३४ मधले राजगृहातील छायाचित्र आपणांपैकी अनेकांनी पाहिले असेल. माता रमाई आहेत, यशवंतराव आहेत, आणि घरचा लाडका कुत्रा टॉबीही आहे.

धर्मांतराच्या वेळी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी तेरावी प्राणिमात्रांवर दया करून त्यांचे लालनपालन करण्याची आहे. नुसती हिंसा न करणे वेगळे आणि लालनपालन वेगळे. बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात करुणा आणि मैत्री यांतही भेद केला आहे. करुणा माणसापुरती, मैत्री सर्व जिवांपर्यंत पोहोचणारी.

जातकांत कुक्कुर जातक नावाची एक कथा आहे. ती गोष्ट म्हणूनच घ्यावी, बोधिसत्त्व खरोखर कुत्रा होता की नाही या वादात शिरू नये. वाराणसीच्या राजाच्या रथाचे चामडे रात्री पावसात भिजले आणि कुत्र्यांनी खाल्ले. राजाने शहरातील सगळे कुत्रे मारण्याचा हुकूम सोडला, फक्त राजवाड्यातले जातिवंत कुत्रे वगळले. स्मशानात राहणारा कुत्र्यांचा नायक दरबारात गेला आणि म्हणाला, हा न्याय नव्हे, हा पक्षपात आहे. राजवाड्यातील कुत्र्यांना ताकातून गवत पाजायला त्याने सांगितले. त्यांनी ओकून टाकले ते चामड्याचे तुकडे! जातिवंत म्हणून निर्दोष आणि उकिरड्यावरचा म्हणून दोषी, हा निवाडा आपल्या वाडवडिलांनी कमी का भोगला?

कोणी म्हणतील, आमच्या शेजारीही शनीच्या पीडेसाठी काळ्या कुत्र्याला पोळी घालतात. आपण ग्रहासाठी घालायची नाही, कुत्री भुकेली आहे म्हणून घालायची. कुत्रे रडले की मरण येते, हेही सोडावे. बाळंतीण कुत्री रडते तेव्हा बहुधा तिचे पिलू कोठेतरी अडकलेले असते.

आता करायचे काय, तेही सांगतो. पहिले दोन आठवडे पिलांना स्वतःची ऊब राखता येत नाही, म्हणून जागा कोरडी हवी. त्यांना आंघोळ घालू नये. डोळे दहा ते चौदा दिवसांत आपोआप उघडतात, बोटाने उघडू नयेत. कौतुकाने गाईचे दूध पाजू नये, हगवण लागते. खायला घालायचे ते आईला. दूध पाजणाऱ्या कुत्रीला नेहमीच्या दुप्पट-तिप्पट अन्न लागते, आणि पाणी सतत. ती थरथरू लागली, पाय ताठरले, तर कॅल्शियम कमी झाले असे समजून तत्काळ पशुवैद्याकडे न्यावी, त्यात जीव जातो. आठ आठवड्यांच्या आत पिले आईपासून तोडू नयेत. पुढे जंताचे औषध, लसी, आणि पिले सुटल्यावर आईची नसबंदी. हे शेवटचे टाळले तर पुढच्या पावसाळ्यात तीच गोणपाटे पुन्हा निघतील. कंटेनरच्या ट्रेलरखाली किती कुत्री सापडतात, ते उरणकरांनी रोज पाहिले आहे.

मुलांना मात्र जवळ जाऊ देऊ नये. आई आहे ती, चावेल. चावलीच तर अंगारा-मंत्राच्या नादी न लागता जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करावी.

प्रवचन संपले तेव्हा पाऊस वाढला होता. तरुणांनी गोणपाट घडी करून जिन्याखाली अंथरले होते. ते वृद्ध उपासक काठी टेकीत तेथे वाकून पाहत होते. म्हणाले, "भिंतीकडनं पाणी येतंय रे. खाली फळी घाला."