विसावा कोणाचा?

माथेरानला मोटार दस्तुरी नाक्यापाशी थांबते. पुढे झाडांतून तांबड्या मातीची वाट आहे. त्या शांततेसाठीच आम्ही बडोद्याहून दोन दिवस गेलो होतो. नाक्यावर हमालाने मजुरी सांगितली. मी घासाघीस करून पन्नास रुपये कमी केले. पुढे चढावर आमच्या दोन जड बॅगा डोक्यावर घेऊन तो थांबला, तेव्हा त्याचा श्वास मला ऐकू आला. संध्याकाळी शार्लट तलावाकाठी बसलो, पण मन निवांत होईना.

बंधुभगिनींनो, प्रश्न सोपा नाही. ओझे त्याला द्यावे, तर आपला विसावा त्याच्या श्रमावर उभा राहतो. न द्यावे, तर त्याची चूल पेटत नाही. 2025 साली सर्वोच्च न्यायालयाने तेथील माणसांनी ओढायच्या रिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला, तेव्हा त्या ओढणाऱ्यांना ई-रिक्षा मिळाव्यात असेही सांगितले. माणसाचा मान राखायचा, तर त्याची भाकरीही राखली पाहिजे.

शब्बाथाच्या आज्ञेतही धन्याबरोबर दासदासींचा विसावा सांगितला आहे. म्हणून ओझे नाकारणे ही दया नव्हे. ते हलके करणे, वाटेत थांबणे आणि रास्त मजुरी देणे ही दया होय.

परतताना तोच हमाल भेटला. एक बॅग मी खांद्यावर घेतली, त्याने सांगितली ती मजुरी दिली, आणि कापलेले पन्नास रुपयेही. वाटेत आम्ही दोघे झाडाखाली टेकलो. त्या सहलीतला खरा विसावा मला तेथे लाभला.