जुनी चर्चा पुसावी की जपावी?



धर्मांतर झाले की घरात पहिला प्रश्न निघतो तो देव्हाऱ्याचा. टाक, परडी, तसबिरी यांचे काय करायचे हा प्रश्न बावीस प्रतिज्ञा घेतल्यावर फार दिवस अडून राहत नाही. पण दुसरा एक प्रश्न मागे उरतो आणि त्याविषयी कोणी मोठ्याने बोलत नाही. धम्म स्वीकारण्याआधी आणि स्वीकारल्यानंतर आपण आपसात जे वाद घातले, जी बरी-वाईट मते मांडली, ती कुठे लिहून ठेवलेली असतील तर त्यांचे काय करावे?

समजा, धाराशिव जिल्ह्यातील ढोकीसारख्या गावात विहार समितीची एक जुनी वही आहे. तिच्या एका पानावर लिहिले आहे की, अमुक गृहस्थांनी धम्मदीक्षेला विरोध केला. दुसऱ्या पानावर, लग्नात हळद असावी की नसावी यावरून बैठक मोडल्याची नोंद आहे. तिसऱ्या पानावर वर्गणीच्या हिशेबावरून दोन भावक्यांत वाढलेले भांडण आहे. आज तेच विरोध करणारे गृहस्थ पांढरी वस्त्रे नेसून पहिल्या रांगेत त्रिशरण-पंचशील घेतात. त्यांचा नातू म्हणतो, "ते पान फाडून टाका. माणूस बदलला, मग पान कशाला?" दुसरा कोणी म्हणतो, "एक पान फाडले तर उद्या सारी वहीच फाडाल."

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. म्हणून आपल्या आवडीनिवडीवर निकाल न सोपवता धम्माच्या परंपरेने अशा वेळी काय केले ते पाहू.

तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाला पहिली संगीती भरली. तिचा वृत्तांत विनयपिटकाच्या चुल्लवग्गात आहे. आनंदांनी तेथे सांगितले की, संघाला वाटल्यास किरकोळ नियम काढून टाकावेत अशी मुभा भगवंतांनी दिली होती. पण किरकोळ कोणते, हे आनंदांनी विचारून घेतले नव्हते. भिक्खूंची मते निरनिराळी पडली. अखेर महाकस्सपांच्या सूचनेवरून एकही नियम न काढण्याचे ठरले. लोक म्हणतील, चितेचा धूर होता तोवरच यांनी नियम पाळले, हे त्यांनी दिलेले एक कारण होते.

पण याहून मोठी गोष्ट पुढे आहे. न विचारल्याबद्दल आनंदांना दोष देण्यात आला. स्त्रियांना संघात प्रवेश मिळावा म्हणून खटपट केली, याचाही दोष त्यांच्या माथी मारला गेला. आनंद म्हणाले, यात मला माझा अपराध दिसत नाही. तरी तुमच्यावरील श्रद्धेने मी तो कबूल करतो. संगीती संपल्यावर पुराण नावाचे थेर आले. ते म्हणाले, तुम्ही संगायन चांगले केले, पण मी भगवंतांच्या मुखातून जसे ऐकले तसेच धारण करीन. ठराव झाल्यावर आनंदांचे उत्तर आणि पुराण थेरांचा वेगळा सूर पुसून टाकणे सोपे होते. तसे झाले नाही. म्हणूनच स्त्रियांच्या प्रवेशाच्या प्रश्नावर आनंद कोणत्या बाजूला उभे होते, हे आज आपल्या मुलींना सांगता येते.

मग नातवाच्या म्हणण्याला काहीच जागा नाही का? आहे. त्याच विनयात वाद मिटविण्याचे सात मार्ग सांगितले आहेत. त्यांतल्या एकाचे नाव 'तिणवत्थारक', म्हणजे गवताने झाकणे. संघात भांडण इतके चिघळले की एकेकाचा दोष उकरत बसल्यास फूटच पडेल, अशा वेळी सर्वांनी एकत्र जमायचे, प्रत्येक बाजूने आपल्या चुका एकत्रितपणे कबूल करायच्या आणि ते प्रकरण झाकायचे. रीतसर मिटलेला वाद जाणूनबुजून पुन्हा उकरणे हाही भिक्खूचा दोष मानला आहे. वर्गणीवरून झालेल्या भांडणाला हे गवत घालावे. ते पान दरवर्षी बैठकीत वाचून दाखवणे धम्माला धरून नाही.

मात्र या गवतालाही मर्यादा आहे. भारी अपराध त्याने झाकता येत नाही आणि गृहस्थांच्या संबंधात घडलेला अपराधही झाकता येत नाही. हे नीट ध्यानात घ्या. पाणवठ्यावरून हाकलले, जमीन लाटली, बहिष्कार घातला, आणि वर गावाने म्हणावे की, "झाले गेले विसरा, कागद फाडा." तेथे गवत घालायचे नाही. तो कागद जपायचा.

खुद्द बाबासाहेबांचे उदाहरण घ्या. 'जातिप्रथेचे विध्वंसन' या नावाने आपण ज्याला ओळखतो ते न झालेले इंग्रजी भाषण त्यांनी 1936 साली स्वतः छापले. त्यासोबत जातपाततोडक मंडळाशी झालेला पत्रव्यवहारही दिला. 1937 च्या दुसऱ्या आवृत्तीत गांधीजींनी केलेली टीका त्यांनी छापली आणि तिच्यापुढे आपले उत्तर ठेवले. ज्याला आपल्या विचाराची खात्री आहे त्याला विरोधकाचे शब्द दडवावे लागत नाहीत.

कोणी म्हणेल, प्रश्नच मिटला तर चर्चा ठेवून काय उपयोग? ढोकीच्याच परिसरात कसबे तडवळे येथे फेब्रुवारी 1941 मध्ये महार-मांग वतनदारांची परिषद भरली होती आणि बाबासाहेब तेथे आले होते. वतनाच्या कायद्यात सुधारणा करण्याचे विधेयक त्यांनी 1928 सालीच मुंबई कायदेमंडळात मांडले होते. पुढे कायद्याने ही वतने गेली. आज तरुण विचारतो, "आजोबा त्या गुलामीला चिकटून का राहिले?" इनामाचा तुकडा, बलुत्याचे दाणे आणि रात्रंदिवसाची राबणूक यांचे गणित आजोबांनी कसे मांडले, हे त्या वेळच्या बोलण्यातूनच कळेल. नुसत्या निकालावरून आजोबा मूर्ख वाटतील.

आणि चर्चा नाहीशी झाली की काय होते, हे पाहायला फार लांब जायला नको. ढोकीहून तेर जवळ. ते प्राचीन तगर. ग्रीक भाषेतल्या पेरिप्लस या प्रवासवृत्तात तिथल्या बाजारपेठेचा उल्लेख आहे. तिथल्या उत्खननात विटांचा स्तूप सापडला. त्रिविक्रमाचे विटांचे मंदिर मूळचे बौद्ध चैत्यगृह असावे, असे अभ्यासक मानतात. तगराहून कोणता माल जाई हे परक्या व्यापाऱ्यामुळे कळते. पण तो स्तूप बांधणारे उपासक आपसात काय बोलले, कशावरून भांडले, धम्म त्यांच्या हातून कसा निसटला, यातले एक अक्षर आपल्यापाशी नाही. विटा राहिल्या, बोलणे गेले. आपणही नुसत्या विटाच ठेवून जाणार काय?

म्हणून समितीच्या वहीचे काय करावे? पान फाडू नये. ज्याचे मत बदलले त्याने त्याच पानाखाली तारीख घालून आपले आजचे मत लिहावे आणि का बदलले तेही लिहावे. घरगुती भांडणाची पाने बंद ठेवावीत. त्यांचा उपयोग कोणाला टोचण्यासाठी करू नये. अन्यायाची नोंद मात्र जपावी आणि तिची दुसरी प्रत करून ठेवावी.

उद्या एखादे नवे कुटुंब दीक्षा घेईल. त्यांच्याही घरात तेच वाद होतील, त्यांचीही सून हळदीसाठी रडेल, त्यांचाही म्हातारा कुळदैवतासाठी अडून बसेल. त्यांना उपदेश करण्याआधी ती वही त्यांच्या हाती द्या. आपल्यासारखीच माणसे अडखळत, भांडत, विचार करीत इथवर आली, हे त्यांना कळू द्या.

जय भीम.